पूर्व भागातली माणसं तलावावर का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातला एक निसर्गप्रेमी गट दर रविवारी सकाळी तलाव स्वच्छ करतो आणि पावसाळ्यात झाडं लावतो. येणारे बहुतेक जण मराठी बोलणारे, नोकरदार, जुळे सोलापूर आणि सात रस्ता भागातले. पूर्व भागातले तेलुगू विणकर, विडी कामगार बायका, मुस्लिम मोहल्ले, शहराबाहेरच्या पारधी वस्त्या यांतलं कोणीच येत नाही. पत्रकं वाटून झाली, समाजाच्या अध्यक्षांना भेटून झालं, तरी फरक पडला नाही. या लोकांना पर्यावरणाच्या कामात कसं आणायचं?

आधी मुद्द्याचं बोलतो. आपण ठरवून ठेवलेल्या कार्यक्रमात या समाजांना आणून बसवता येत नाही, आणि आणलं तरी ते टिकत नाही. विषय काय घ्यायचा, वेळ कोणती ठेवायची, पैसा कशावर खर्च करायचा आणि काम कुणाच्या नावावर लागणार, हे ठरतं तेव्हा ते तुमच्या शेजारी बसलेले असले पाहिजेत. सोलापुरात तर याला पर्यायच नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर इथली चादर नावारूपाला आली. ज्या सिद्धेश्वर तलावाबद्दल आपल्याला एवढी आस्था आहे, तो बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवला, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. या गावात पाहुणे कोण आणि यजमान कोण, हे ठरवायचा अधिकार आपल्या गटाकडे नाही.

विडी कामगार बाईचा दिवस जवळून बघा. तेंदूची पानं भिजवायची, साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, कट्टे करायचे आणि कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. ती तासभर उठली की तेवढ्या विड्या कमी झाल्या, दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं धुणं, बाजार, पाहुणे. त्यात सोलापूरचं पाणी कितीतरी दिवसांआड येतं. नळाचा दिवस आणि तुमची मोहीम एकाच सकाळी असली तर ती नळावर थांबणार, आणि तिचं बरोबरच आहे. 'या लोकांना पर्यावरणाचं काही नसतं' असं मी पुष्कळ शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. तसं बोलणाऱ्याने तिच्या घरी एक दुपार बसावं.

तिच्यासाठी पर्यावरण घरातून सुरू होतं. एका खोलीत विड्या वळल्या जातात, तिथेच चूल, तिथेच तान्हं मूल झोपलेलं. तंबाखूची बारीक धूळ भांड्यांवर, अंथरुणावर, पोराच्या श्वासात. नवरा यंत्रमागावर असेल तर कानात दिवसभर खडखडाट आणि छातीत सुताचे तंतू. गल्लीच्या तोंडाशी रंगकामाचं पाणी उघड्या गटारातून वाहतं. पहिली बैठक तलावावर न घेता या धुळीवर घ्या. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवणं, काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने फरशी पुसणं, वळायची जागा खिडकीपाशी नेणं, बाळाची झोळी दुसऱ्या कोपऱ्यात बांधणं, इतक्या साध्या गोष्टींपासून बोलणं निघतं. बैठक बायकांच्या सोयीने आणि त्यांच्याच दारात ठेवा. बोलताना त्यांचे हात विड्या वळत असले तर वळू द्या. आपण बोलताना त्या काम करतात यात कसलाही अपमान नाही.

या ओळखीतून पुढचं काम निघतं. सोलापुरासाठी मला सगळ्यात आशेचं वाटतं ते बतुकम्माच्या अंगाने होणारं काम.

भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलुगू घरांतल्या बायका फुलांचा बतुकम्मा रचतात. ताटात किंवा परातीत पानं अंथरायची, त्यावर फुलांचे गोल थर, वर वर निमुळते होत जाणारे, आणि शिखरावर हळदीची गौरम्मा. तो मधे ठेवून बायका फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. थरांत झेंडू असतो, शेवंती असते, पण मानाची फुलं दोन: तंगेडू आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुरडू. ही बाजारातून आणायची फुलं नव्हेत. माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला ती आपोआप येतात आणि पावसाळा सरताना नेमकी फुललेली असतात.

आता शहराकडेचे माळ प्लॉटिंगमध्ये गेले, तसा तरवड लांब गेला. वस्तीतल्या वयस्कर बायकांना एकच विचारा: "अक्का, तुम्ही लहान असताना तंगेडू कुठनं आणायचा?" त्या जागा सांगायला लागतात. कुठल्या नाल्याच्या कडेला, कुठल्या गिरणीच्या मागे, अक्कलकोट रस्त्याला कुठल्या वळणावर. दोन-तीन जणींत वादही होतात. ऐकणाऱ्याने लिहून घेतलं तर सोलापूरच्या हरवलेल्या माळांची एवढी बारीक नोंद दुसरीकडे कुठे मिळणार नाही. मग दुसरा प्रश्न: यातल्या कुठल्या जागेवर तो परत लावता येईल? हा प्रश्न त्यांचा आहे. तुम्ही तिथे रोपं, परवानग्या आणि कुंपण यांच्या मदतीला उभे राहायचं.

तरवड लावणं आपल्या हवेत अतिशय शहाणपणाचं आहे. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात तो टँकरशिवाय जगतो. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ट्री-गार्डचा खर्च वाचतो. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या काही जातींच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. त्याच्या सालीने पूर्वी कातडी कमावली जायची, तेव्हा चामड्याचं काम करणाऱ्या घरांतही या झुडपाची आठवण निघते. बी काढणं सोपं आहे. शेंगा वाळल्या की फोडायच्या. बियांचं कवच टणक असतं, म्हणून पेरणीआधी गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायच्या आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर पेरायच्या. गुलमोहराची हजार रोपं लावून उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या मोजण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

विसर्जनाचा विषय येतोच, आणि इथे फार जपून बोलावं लागतं. फुलं कुजणारी असली तरी साचलेल्या तलावात एका रात्री एवढं निर्माल्य गेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि माशांवर संकट येतं. हे खरं आहे. पण बाहेरच्या माणसाने काठावर उभं राहून 'पाण्यात टाकू नका' म्हणणं म्हणजे सणाच्या दिवशी त्यांच्या गौरम्माला अडवणं. त्याआधी कितीतरी महिने बायकांशी पाण्याबद्दल बोलणं झालेलं असलं, मासे तरंगलेले त्यांनी स्वतः पाहिलेले असले, तर तोडगा त्यांच्यातूनच निघतो. कुठे गौरम्मा आणि वरचा थर पाण्यात जातो आणि बाकीची फुलं खताला, कुठे कुंड चालतो, कुठे काहीच चालत नाही. जिथे चालत नाही तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं काढायला त्यांच्याबरोबर जा. तेही काम आहे. थर्माकोल, प्लास्टिकची फुलं आणि झगमगीत कागद यांना मात्र जुन्या बायकांचाच विरोध असतो. त्यांच्या मागे उभं राहा.

भाषेबद्दल थोडं. तेलुगूत पत्रक छापलं की संपर्क झाला, अशी समजूत असते. पूर्व भागातली पुष्कळ तरुण मंडळी घरी तेलुगू बोलतात पण शाळा मराठीत झालेली, त्यामुळे तेलुगू लिपी वाचता येत नाही. आजीला दोन्ही लिप्या अवघड. छापील पत्रकापेक्षा वस्तीतल्याच एखाद्या बाईच्या आवाजातला दोन मिनिटांचा ऑडिओ व्हॉट्सॲपवर जास्त लांब जातो. दुभाषा लागला तर त्याला कामाचे पैसे द्या, आणि सहावीतल्या पोराला मधे बसवून मोठ्यांशी बोलू नका. मोठ्या बायका त्याच्यासमोर मनातलं बोलत नाहीत.

मुस्लिम मोहल्ल्यात आपले लोक बहुधा चुकीच्या दाराने जातात. पहिली भेट बकरी ईदच्या कचऱ्यावर बोलायला. समोरच्याला कळतं की ही माणसं आपल्याला तक्रार म्हणून बघताहेत, आणि दार बंद होतं. कुर्बानीनंतरच्या कचऱ्याची नीट व्यवस्था व्हावी असं मोहल्ल्यालाच जास्त वाटत असतं, कारण वास त्यांच्याच गल्लीत येतो. पण हा विषय मोहल्ल्यातल्याच लोकांनी काढला की मग घ्यावा. महापालिकेकडून वेळेवर गाडी आणि पिशव्या मिळवून देणं ही त्यात आपली खरी मदत.

सुरुवातीला वजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं पाणी घ्या. दिवसातून पाच वेळा मशिदीत स्वच्छ पाणी वापरलं जातं आणि गटाराला जातं. त्यात साबण नसतो, म्हणून साध्या जाळीतून गाळून ते थेट झाडांना देता येतं. प्लंबरचं एक-दोन दिवसांचं काम. वाहत्या नदीच्या काठीही वजू करताना पाणी वाया घालवू नये, ही शिकवण इस्लाममध्ये आहेच. झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्लं तर ते सदका, म्हणजे दानधर्म ठरतं, हीसुद्धा. या गोष्टी तुम्ही भाषणात सांगायच्या नाहीत. मौलाना किंवा विश्वस्त सांगतील, जुम्म्याच्या दिवशी, त्यांच्या पद्धतीने. तुम्ही नळाचा आराखडा घेऊन जा. रमजानमध्ये दुपारचे कार्यक्रम ठेवू नका, बायकांची बैठक बायकांनीच घ्यावी, आणि चहापाण्याला कोण काय खातं-पितं हे आधी विचारावं. एवढी रीत पाळली तर पुढचं कठीण नसतं.

पारधी वस्तीचा प्रश्न वेगळा आणि जास्त खोल आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात पारधी, कैकाडी आणि इतर जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, आणि तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या, पण संशय सुटला नाही. कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पालावर जाते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तितर, लावरी, ससा धरून जगणाऱ्या फासेपारध्याचा पिढीजात धंदा गुन्हा झाला आणि त्याजागी दुसरं काही हातात मिळालं नाही. १९७९ मध्ये आपल्या भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेही कागदावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. नंतर ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधल्या काळात जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांनी गावकरी वैतागले आणि पक्ष्यावर राग निघाला. माळढोक आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्या माळाची सगळ्यात बारीक ओळख असलेल्या माणसांशी या सगळ्या वर्षांत कोणी मनापासून बोललं नाही, ही माझी खंत आहे.

ती ओळख म्हणजे काय, ते एकदा बघितलं पाहिजे. एका म्हाताऱ्या फासेपारधी बाबांबरोबर माळावरून चालत होतो. ते एका ठिकाणी थांबले. खाली काळवीटाच्या लेंड्यांचा पसरट ढीग. मला नुसता ढीग दिसत होता. बाबांनी काडीने वरचा थर बाजूला केला: वरच्या काळ्या आणि ओलसर, खालच्या करड्या, त्याखालच्या हातात चुरा होणाऱ्या. नर काळवीट आपली हद्द राखायला पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. वरचा थर ताजा आहे म्हणजे नर अजून जागा धरून आहे, सकाळीच येऊन गेला आहे. थोडं पुढे लांडग्याची वाळून पांढरी पडलेली विष्ठा होती. ती फोडून त्यांनी आतले केस दाखवले आणि बोटांत चोळून सांगितलं, हे मेंढीचे नाहीत, सशाचे आहेत. वनखात्याची गणना जी माहिती फॉर्म भरून गोळा करते, ती हा माणूस चालता चालता वाचत होता.

अशा माणसाला 'जनजागृती' करायला जाऊ नका. त्याला सर्वेक्षणात तज्ज्ञ म्हणून घ्या आणि तज्ज्ञाला देता तेवढीच रोजी द्या, रोजच्या रोज, हातात. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम करते. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचायला शिकवतात. म्हणजे हे होऊ शकतं. पण काही पथ्यं कडक पाळावी लागतात. पहिल्या भेटींना खाकी कपड्यातला माणूस बरोबर नको, मग तो कितीही भला असो. नावांची यादी, आधारकार्डाचे फोटो, मोबाइलचा कॅमेरा हे सगळं बंद. 'अजून शिकार करता का' हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर 'हो' आलं तर तुम्ही त्याला अडचणीत आणलंत, 'नाही' आलं तर खोटं बोलायला लावलंत. आणि जातीचा दाखला, रेशनकार्ड, पोरांची शाळा यासाठी तहसीलला चार खेटे घालायची तयारी असेल तरच वस्तीवर जा. पर्यावरणाच्या कामात हे बसत नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

माळाचा विषय निघाला आहे तर वृक्षारोपणाबद्दल बोललंच पाहिजे. सोलापुरी माळ पडीक नसतो. पवन्या, मारवेल, कुसळीच्या गवतावर काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल जगतात. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याला चहूकडे लांबवर दिसावं लागतं. अशा माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली गेली आणि अधिवास बिघडला. धनगरांचा तुमच्या खड्ड्यांना विरोध असतो तो अडाणीपणाने नाही. तिथे कुंपण पडलं की चराई जाते आणि मेंढरं दुसऱ्या माळावर जास्त गर्दी करतात. त्यांना विचारा की कुठलं गवत कधी पिकतं, कुठला तुकडा कधी राखायचा, मेंढरं कुणाच्या शेतात खताला बसवली की माळाला उसंत मिळते. उन्हाळ्यात पाणवठ्याचं काम धनगर आणि पारधी दोघांबरोबर करता येतं, फक्त दोघांच्या बैठका सुरुवातीला वेगळ्या घ्या. त्यांच्यात जुनी भांडणं असतात.

वडार समाजाचा उल्लेख राहायला नको. माती वडारांनी या मुलखात विहिरी आणि तळी खणली. गाळ काढायचं काम निघालं तर जेसीबीवाल्याच्या आधी त्यांच्यातल्या जुन्या माणसाला काठावर घेऊन जा. गाळ कुठे संपतो, मुरूम कुठे लागतो आणि किती खाली गेलं की तळ्याचं पाणी मुरून जाईल, याचा अंदाज त्यांना असतो. कन्नड भाषक शेतकऱ्यांकडे वेळ अमावास्येला जा, शेतात, आमंत्रण घेऊन. ज्वारीच्या वाणांवर, बांधावरच्या झाडांवर त्या दिवशी जेवढं बोलणं होतं तेवढं कुठल्या कार्यशाळेत होत नाही.

पैशाचं उघड बोला. कंपन्यांच्या निधीसाठी प्रस्ताव लिहिताना रोपं, बॅनर, टी-शर्ट, नाश्ता असं लिहिलं जातं. त्यात बुडालेली मजुरी, रिक्षाभाडं, लहान मुलं सांभाळणारी बाई आणि दुभाषा हे चार खर्च आधी घाला. देणारा नाही म्हणाला तर टी-शर्ट काढा. खातं शक्यतो वस्तीतल्या बचत गटाचं असू द्या, हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवा. समाजाच्या अध्यक्षांना भेटणं मानाचं आहे, ते करा, पण काम बायका आणि तरुण करतात. निर्णयाच्या बैठकीला ते नसतील तर ती बैठक पुढे ढकला.

माहितीच्या मालकीचंही तसंच. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत असो वा महापालिका, तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही केली जाते. ती पुष्कळदा कुणीतरी बाहेरून येऊन भरून जातं. तरवडाच्या जुन्या जागा, वनस्पतींचे औषधी उपयोग, पारध्याने सांगितलेल्या खुणा या नोंदी सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याला हवं असेल तर त्याच्या नावाने, आणि त्याला वाचून दाखवूनच लिहा. घरट्यांच्या आणि बिळांच्या नेमक्या जागा लिहू नका. त्या लिहिल्या की चुकीच्या हातात जातात आणि संशय परत सांगणाऱ्यावरच येतो.

आता तुमच्या गटाने यंदा काय करावं? सगळ्या समाजांकडे एकदम जाऊ नका. विडी घरकुल किंवा साखर पेठेतली एक गल्ली निवडा. पावसाआधी तिथल्या बायकांशी धुळीवर आणि तंगेडूवर बोलणं सुरू करा. बी आसपासच्या माळावरून त्यांच्याबरोबर गोळा करा आणि एक जागा ठरवा. नवरात्रात त्यांनी बोलावलं तर फेर बघायला जा, बॅनर न घेता. एका मशिदीच्या विश्वस्तांना वजूच्या पाण्याबद्दल भेटा, ते काम महिनाभरात उभं राहतं. पारधी वस्ती मात्र सध्या हातात घेऊ नका. त्यासाठी तुमच्यातली दोन माणसं निदान तीन वर्षं तिथे जायला तयार आहेत का, एवढं आधी ठरवा. तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना गाठा आणि त्यांना काय हवं ते विचारा. बहुतेकदा त्यांना दाखल्यांच्या कामाला दुचाकी आणि लिहिता येणारा माणूस हवा असतो.